लुझियामावशीचं गाव

गेल्या मे महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मी आरायोलूश हे गाव पहिल्यांदा पाहिलं. पोर्तुगालच्या आतल्या भागात, लिस्बनपासून दीडेक तासावर, गव्हाच्या शेतांतून एकदम वर उठलेल्या टेकडीवर ते वसलं आहे. तिथे मला वाट विचारावी लागली नाही. चौकातून चढ लागतो. चढाच्या दोन्ही अंगांना चुना फासलेली पांढरी बैठी घरं, आणि प्रत्येक घराला जमिनीलगत हातभर रुंदीचा निळा पट्टा. काही दारं इतकी बुटकी की उंच माणसाने वाकूनच आत जावं. चढ संपला की टेकडीच्या माथ्यावर गोल कोट, आणि कोटाच्या आत काही नाही. नुसतं गवत, वारा, आणि मधोमध एक पांढरं चर्च.

"इकडून वर जाऊ," मी म्हटलं.

"हाउ डू यू नो? मॅप तर माझ्याकडे आहे," जुई म्हणाली. जुई माझी मुलगी. टेक्ससमध्ये अर्विंगला असते, बेचाळीस वर्षांची आहे, आणि प्रवासात फोनवरच्या नकाशाखेरीज कुणावर विश्वास ठेवत नाही.

"कुणीतरी सांगितलं होतं."

चढावर एका उघड्या दारातून वास आला. लसूण, मीठ आणि हिरवी कोथिंबीर एकत्र कुटल्याचा. आत खलबत्ता वाजत होता. माझे पाय तिथेच थांबले. जुई चार पावलं पुढे जाऊन मागे वळली.

"आई, आर यू ओके? बसायचंय का?"

"नाही गं. नुसता वास घेतेय."

हा वास मला पहिल्यांदा आला तो या गावात नाही. तो आला अमेरिकेत, न्यूअर्कमध्ये, एका लाकडी जिन्यावर.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. लग्न होऊन चार महिने झाले होते. सतीश हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी करत होता. सकाळी गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवायचा, आणि बूट न काढता झोपायचा. मला केमिस्ट्रीत मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. आम्हाला घर मिळालं ते पोर्तुगीज वस्तीत. तीन मजली, अरुंद, लाकडी. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण. तिचं नाव दोना लुझिया, म्हणजे लुझियाबाई. बुटकी, बळकट, पन्नाशीची बाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. अंगात कायम काळा झगा आणि कोपरापर्यंत पीठ. तिला इंग्रजी बेताचं, मला पोर्तुगीज मुळीच नाही.

पहिल्या दिवशी तिने माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाली, "शाव."

"चावी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग सिंकखालची बादली पायाने पुढे सरकवली. "बाल्द?"

"बादली!"

मग आम्हाला दोघींना चेवच चढला. तिने वडी उचलून दाखवली, 'सबाँव'. मी ओरडले, साबण. तिने खिडकीतून परसातला कोबीचा पाला दाखवला, 'कोव'. मी म्हटलं, कोबी. सतीश शेवटची सुटकेस घेऊन जिना चढून आला, तेव्हा आम्ही दोघी मोकळ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो.

मी मूळची रेवदंड्याची. आमचं गावच पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाच्या आत. शाळेत जाताना पडक्या वेशीतून जायचं, बुरुजावर चिंचा खायच्या, समुद्राच्या वाऱ्यात परकराचा घोळ सावरत तटावरून धावायचं. हे मी तिला पुढे कधीतरी, हातवारे करकरून, सांगितलं. आमच्याकडे तुमची माणसं आली होती, किल्ला बांधून गेली, असं. तिने खांदे उडवले. "गेली असतील. ती सगळीकडे गेली. आमच्या गावात कुणी आलं नाही."

त्या घराचे ऋतू मला वासांनी आठवतात. मागच्या अंगणात लोखंडी पाइपांवर चढवलेला द्राक्षांचा मांडव होता. उन्हाळ्यात त्याखाली हिरवा, ओला काळोख असायचा. माझ्याहून उंच वाढलेली, गड्डा न धरणाऱ्या त्यांच्याकडच्या कोबीची रोपं होती, आणि जुन्या टबांतून कोथिंबीर. आज जवळच आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जुड्यांचे ढीग लागलेले असतात. तेव्हा मला कोथिंबीर दिसली तरी गावाहून पत्र आल्यासारखं वाटायचं. जूनमध्ये गल्लीभर शेगड्या पेटायच्या आणि भाजलेल्या मासळीचा धूर पडद्यांत मुरायचा. सप्टेंबरअखेर तळघरातून आंबलेल्या द्राक्षांचा वास जिना चढून वर यायचा. आणि संध्याकाळी खालून हाक यायची, "मेनिना!" म्हणजे अगं मुली. मी कठड्यावरून वाकले की ती वाडगं वर धरायची. शिळ्या पावाचे तुकडे, वर उकळतं पाणी, कुटलेली लसूण-कोथिंबीर, ऑलिव्हचं तेल, आणि मधे सोडलेलं अंडं. असोर्दा म्हणतात त्याला. तिच्या भागातलं गरिबाघरचं खाणं. मला ते पहिल्याच घासाला आपलं वाटलं.

हिवाळ्यात रेडिएटर फुसफुसत असायचा. ती शेगडीपाशी खुर्ची ओढून बसायची आणि मांडीवर गालिचा घ्यायची. तरटासारख्या जाड कापडावर लोकरीचे तिरपे, एकमेकांवर चढणारे टाके. तिच्या गावात बायका शेकडो वर्षं हेच करत आल्यात, म्हणाली. चौकाच्या फरशीखाली खडकात खोदलेले जुने हौद आहेत, तिथे पूर्वी लोकर रंगवायचे. निळ्या पट्ट्यांची घरं, बुटकी दारं, माथ्यावरचा रिकामा कोट, हे सगळं मी त्या शेगडीपाशी बसून, लोकरीच्या मेंढरट वासात, टाका टाका ऐकलं. मीही शिकले थोडं. माझं काम ती हातात घ्यायची, समोरून बघायचीच नाही. उलटं करून मागची बाजू बघायची आणि मान हलवायची. बहुतेक वेळा उसवायला लावायची.

मी तिला लुझियामावशी म्हणायला लागले. मावशी म्हणजे काय, तिने विचारलं. आईची बहीण, मी सांगितलं.  ती उठली आणि माझ्या वाडग्यात आणखी एक अंडं सोडलं.

जुई जानेवारीत जन्मली. खिडकीच्या कडेला बर्फ साचलेलं होतं. सहा आठवड्यांनी मला लॅबमध्ये परतायचं होतं. सांभाळायला कोण, हा प्रश्न मी तोंडातून काढायच्या आधीच लुझियामावशीने दुपट्यासकट मुलगी उचलून खाली नेली. सकाळी मी तिला खाली द्यायची, संध्याकाळी वर घ्यायची. संध्याकाळी तिच्या जावळाला लाकडाच्या धुराचा आणि ऑलिव्हच्या तेलाचा वास असायचा. मी नाक खुपसून तो घ्यायची, आणि मग तिला अंघोळ घालायची. रोज. गरज नसली तरी.

वर्षाची व्हायच्या आत जुई पहिला शब्द बोलली. "मांय."

मला कोण आनंद झाला! आमच्या घरी आई म्हणत, पण माय काय, आपलाच शब्द. मी रेवदंड्याला हवाई पत्राच्या निळ्या कागदावर आईला लिहिलं, तुझी नात मला माय म्हणते. सतीश पेंगत म्हणाला, "वा! संतवाणीच की." आठवडाभर मी लॅबमध्ये काचेची नळी धुतानाही तो शब्द मनात घोळवत होते.

मार्चमधली एक दुपार. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. लॅब लवकर सुटली. मी ओली छत्री घेऊन खालच्या मजल्याच्या दारात आले. दार लोटलेलं होतं. जुई खुर्ची धरून उभी होती, पाठ माझ्याकडे. शेगडीकडे बघून ती म्हणाली, "मांय."

लुझियामावशी वळली. दचकून नाही, हसून नाही. आपल्या रोजच्या नावाला वळावं, तशी वळली. आणि मग तिला मी दिसले.

पोर्तुगीजमध्ये आईला मांय म्हणतात. अडीच वर्षं त्या घरात राहून, इतके शब्द जुळवून, हा एक शब्द मी जुळवला नव्हता.

तिच्या हातात लाकडी डाव होता. ती काही बोलली नाही. मीही नाही. मी आत गेले, जुईला उचललं, आणि ती माझ्या कडेवरून मागे वाकून, दोन्ही हात तिच्याकडे पसरून किंचाळायला लागली. त्या किंकाळीसकट मी जिना चढले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. सतीशला शिकागोजवळच्या एका हॉस्पिटलचं बोलावणं आलेलं होतं. तो नको म्हणणार होता. मी म्हटलं, जाऊ या. उरलेलं शिक्षण मी तिकडे पुरं करीन. "पण मावशींशिवाय जुईचं कसं होईल?" त्याने विचारलं. "होईल," मी म्हटलं. मे महिन्यात आम्ही निघालो. लुझियामावशी फाटकाशी उभी होती, हातात प्रवासासाठी बांधलेला डबा. मी डबा घेतला आणि म्हणाले, "थँक यू, दोना लुझिया." मावशी म्हणाले नाही. तिला ते कळलं. मला दिसलं, की तिला कळलं.

त्या वर्षाच्या शेवटी एक पार्सल आलं. पाळण्याएवढा छोटा गालिचा, कडेला निळी वेलबुट्टी, मधे एक पक्षी, आणि पक्ष्याखाली जुईच्या नावाची इंग्रजी अक्षरं. पत्र नव्हतं. मी मागची बाजू बघितली. एकही गाठ दिसत नव्हती. गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. उद्या लिहू, असं आधी रागाने म्हटलं. मग नुसतंच म्हटलं. मग इतका उशीर झाला की काय लिहावं ते कळेना. आणि मग नेपरव्हिलचे हिवाळे, शिकागोची रोजची ट्रेन, नोकरी, शाळेचे कार्यक्रम, मराठी मंडळाची नाटकं, असं करत चाळीस वर्षं गेली. सतीश तीन वर्षांपूर्वी गेला. त्याला तरी मी कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मोठं घर विकून तिथेच लहान घर घ्यायचं ठरलं. आवराआवरीला जुई अर्विंगहून आली. तिनेच फळीवरून तो गालिचा काढला, उलगडला आणि जमिनीवर मांडी घालून बसली.

"आई, हे काय आहे? इट हॅज माय नेम."

"न्यूअर्कला घरमालकीण होती, तिने पाठवला होता."

"आणि तू तो कपाटात ठेवलास? फॉर फॉर्टी इयर्स?"

मी टेप आणायला म्हणून तळघरात गेले. वर येईपर्यंत तिने फोनवर फोटो शोधले होते, वेलबुट्टीवरून गाव काढलं होतं. आठ दिवसांत दोन तिकिटंही काढली. "तू आयुष्यात सुट्टी घेतलीस ती फक्त रेवदंड्याला जायला," ती म्हणाली. "आता माझ्याबरोबर चल." तिला वाटत होतं, ती मला हवापालटाला नेतेय. मी तिला काही सांगितलं नाही. विमानात सांगू, म्हटलं. मग हॉटेलात सांगू, म्हटलं.

त्या चढावर वास घेत मी उभी होते, तेव्हाही सांगितलेलं नव्हतं.

कोट बघून आम्ही खाली आलो. चौकात खरंच फरशीत काच बसवलेली आहे, आणि काचेखाली खडकातले ते रंगाचे हौद. मी बराच वेळ वाकून बघत होते. जुई तोवर समोरच्या गालिच्यांच्या दुकानात शिरली आणि तिने पाठीवरच्या बॅगेतून आमचा गालिचा काढून काउंटरवर पसरला. दुकानातल्या बाईने तो तडक उलटा केला. बोटाने टाक्यांवरून गेली. मग एकदम म्हणाली, "लुझिया. लुझिया द अमेरिका." आणि फोन उचलला.

दहा मिनिटांत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई अंगावरच्या एप्रनसकट आली. ती माझ्याकडे आली नाही. सरळ जुईपुढे जाऊन उभी राहिली.

"तू जुई," ती म्हणाली. ज ला झ करून.

ही इल्दा. लुझियामावशीच्या बहिणीची मुलगी. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे तिचं इंग्रजी संथ आणि प्रत्येक शब्द धुऊन मांडल्यासारखं. ती आम्हाला चढावरच्या घरी घेऊन गेली. ज्या दारापाशी मी थांबले होते, त्याच्याच शेजारचं दार. म्हातारपणी लुझियामावशी न्यूअर्कचं घर विकून परत आली होती. शेवटची बारा वर्षं या घरात होती. आठ वर्षांपूर्वी गेली, पहाटे झोपेतच. मी विचारण्याआधीच इल्दाने हे सगळं सांगितलं, खुर्च्या पुसता पुसता.

मला वाटलं होतं, ती गेली असेल. 

इल्दाने वाडगी मांडली. पाव, पाणी, कोथिंबीर, अंडं. आम्ही जेवायला लागलो. मग तिने चमचा खाली ठेवला.

"एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. तिने मला सांगून ठेवली होती. तुम्ही आलात तर सांग, म्हणाली होती. तुम्ही कधी याल असं मला वाटलं नव्हतं."



"तो शब्द मुलीने आपणहून म्हटला नव्हता. मावशीने शिकवला होता. रोज, तुम्ही गेलात की. बिस्किट पुढे धरायची आणि म्हणायची, म्हण, मांय. म्हटलं की बिस्किट द्यायची." इल्दा माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही दारात उभ्या होतात, ओली छत्री घेऊन. त्याच क्षणी ती सांगू शकली असती. मुलीने तुम्हाला सोडून मला निवडलं नाही, मीच तिला शिकवलं, असं. ती बोलली नाही. फाटकाशीही बोलली नाही. इथे आल्यावर मला म्हणायची, इल्दा, इंग्रजीत पत्र लिही. मी कागद घेऊन बसले की म्हणायची, आज नको."

आज नको. उद्या लिहू. अटलांटिकच्या या काठाला ती, त्या काठाला मी.

मला राग यायला हवा होता. चाळीस वर्षं मी एका तान्ह्या मुलीने मला नाकारलं, असं मनाच्या तळाशी धरून बसले होते. तिच्या प्रत्येक रुसव्यात, कॉलेजला जाताना मागे वळून न बघण्यात, मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. आणि ते खरंच नव्हतं. पण डोळ्यांपुढे आली ती बिस्किट पुढे धरून बसलेली ती बाई. रिकाम्या घरात, दुपारी, एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून. मला रागावता येईना.

"व्हॉट इज शी टॉकिंग अबाउट?" जुईने विचारलं. "आई?"

मग मी सांगितलं. तिथेच, त्या टेबलाशी, मराठीत. इल्दाला कळत नव्हतं, तरी ती जागची हलली नाही. ओली छत्री, किंकाळी, फाटक, डबा, पार्सल. काही गाळलं नाही. जुईला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत देते.

"अँड यू नेव्हर रोट बॅक?"

"नाही."

"नॉट इव्हन अ थँक यू?"

"नाही."

ती उठली आणि बाहेर जाऊन निळ्या पट्ट्याला पाठ टेकून पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी आधीच ठरल्याप्रमाणे आम्ही आजूबाजूची ठिकाणं बघायला निघालो. जुई गाडी चालवत होती आणि बोलत नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुचाचे वृक्ष होते. बाटलीचं बूच ज्या सालीचं करतात ते. साल काढून घेतलेली खोडं लालभडक, सोललेल्या गुडघ्यासारखी, आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा. साल कोणत्या वर्षी काढली ते लक्षात राहावं म्हणून. नवी यायला नऊ वर्षं लागतात. एव्होराला रोमन देवळाचे खांब पाहिले. शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या उंच पाटाच्या कमानींत लोकांनी घरं बांधलीत, दारांशी कुंड्या आणि वाळत घातलेले टॉवेल. मी एकदोनदा बोलायला गेले. ती "हं" म्हणाली.

दुपारी पाविया नावाच्या खेड्यात थांबलो. तिथे चौकाच्या मधोमध हजारो वर्षांपूर्वीचे प्रचंड दगड उभे आहेत. कुणा विसरलेल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेले. पुढे केव्हातरी गावकऱ्यांनी त्यांना दार बसवलं आणि आत लहानसं देऊळ केलं. दगड पाडले नाहीत, आपलं मात्र त्यात मांडलं. आत गारवा होता. आम्ही दोघी जेमतेम मावत होतो.

"नील दोन वर्षांचा होता ना," जुई एकदम म्हणाली. नील तिचा मुलगा, आता आठ वर्षांचा. "डेकवरून पडला. मी शेजारीच होते. आणि तो रडला ते रोझाच्या नावाने." रोझा त्याला सांभाळायला यायची, मेक्सिकोची. "मी हसून सोडून दिलं. मग ग्रोसरीला गेले आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून अर्धा तास रडले. तुला कधी सांगितलं नाही."

ती मराठीत बोलत होती. अडखळत, पण मराठीत.

"मग काय केलंस?"

"काही नाही. नेक्स्ट मॉर्निंग रोझा आली. मी तिच्यासाठी कॉफी केली."

मी दगडाला हात लावला. तो थंड आणि खरबरीत होता.

"मला ते सुचलं नाही," मी म्हटलं.

"तू सत्तावीसची होतीस, आई. बाबा कधी घरी नसायचे. मी छत्तीसची होते, आणि मला विचारायला तू होतीस. जरी मी विचारलं नाही तरी. आय ॲम स्टिल अ लिटल मॅड."

"राहा."

"थोडे दिवस."

"चालेल."

परतताना तिने रस्त्यात गाडी थांबवून बुचाच्या झाडाखाली पडलेला सालीचा तुकडा उचलला आणि नीलसाठी म्हणून खिशात टाकला. लिस्बनचं हॉटेल आम्ही कॅन्सल केलं. उरलेले चार दिवस इल्दाकडेच राहिलो. संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका दाराशी खुर्च्या टाकून बसत. जुईला त्यांनी गालिच्याचा टाका शिकवायला घेतला आणि लगेच उसवायलाही लावला.

तेव्हापासून दर रविवारी इल्दाचा फोन येतो. नेपरव्हिलला सकाळ असते, तिच्याकडे दुपार. आधी हवापाण्याचं बोलतो. मग गुडघ्यांचं. ऑक्टोबरमध्ये ती म्हणाली, "नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. कबरी धुतात, फुलं ठेवतात. यंदा मला वाकता येणार नाही. कुणाला तरी सांगावं लागेल."

"कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं. "मी येते."

जुईला कळवलं ते नुसतं सांगायचं म्हणून. तिचं उत्तर आलं, "बुक टू."

दफनभूमी गावाबाहेर उतारावर आहे. पांढऱ्या भिंतीआड पांढऱ्या संगमरवराच्या कबरी, आणि प्रत्येकीवर लंबगोल फोटो. लुझियामावशीचा फोटो म्हातारपणीचा आहे. मी पाहिलेल्या बाईहून गाल बसलेले, नजर तीच. सकाळपासून गावातली माणसं शेवंतीच्या कुंड्या घेऊन येत होती. हवेत ओल्या मातीचा आणि मेणाचा वास होता. इल्दाला आम्ही वाटेवर खुर्ची टाकून दिली होती आणि ती तिथून हुकूम सोडत होती. जुई नळावरून पाणी आणत होती. मी गुडघे टेकून दगड घासत होते. हात कोपरापर्यंत ओले आणि थंडीने लाल झाले होते. पहिली काही मिनिटं मला रडू येत होतं. मग दगडावरचा काळपटपणा निघायला लागला आणि मी कामाला लागले.

शेजारच्या कबरीशी एक फार म्हातारी बाई कुंडी मांडत होती. आम्हा दोघींकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने इल्दाला काहीतरी विचारलं. इल्दाने मागे न वळता दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. म्हातारीने मान डोलावली, आपल्या कुंडीतली दोन शेवंतीची फुलं खुडली, आणि काठी टेकत येऊन माझ्या ओल्या हातात दिली.

"काय विचारत होती?" ती गेल्यावर मी इल्दाला म्हटलं.

"तुम्ही कोण, म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"घरची माणसं," इल्दा म्हणाली. "आणि तो डावीकडचा कोपरा राहिलाय. तिथे शेवाळ आहे, नीट घास."